मोटरहोमच्या छताला लाकूड: जाडी, वजन आणि दीड मिलिमीटरची फट

छताला आतून लावायच्या पट्टीची जाडी किती घ्यायची असं सुताराला विचारलं की तो सवयीनं "अर्धा इंच घ्या, बिनघोर" म्हणतो. घराला ते बरोबर आहे. घर वळणावर कलत नाही, खड्ड्यात आदळत नाही, आणि सोलापूरच्या उन्हातून निघून दुसऱ्या दिवशी आंबोलीच्या पावसात जाऊन उभंही राहत नाही. मोटरहोमचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, छत हे सगळं करतं. म्हणून लाकूड आवडलं की नाही हे ठरवायच्या आधी वजनकाटा, टेप आणि ओलावा मोजायचा मीटर या तिघांचं म्हणणं ऐकून घ्यावं.

हिशोबासाठी एक छत धरू. रुंदी १.७ मीटर, लांबी ३.२ मीटर, म्हणजे ५.४४ चौरस मीटर, साधारण ५८-५९ चौरस फूट. फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरच्या जातीच्या गाडीत ड्रायव्हरची केबिन सोडली की सजवायला मिळणारं छत मॉडेलनुसार याच्याच आसपास असतं. यावर ९ मिमी पाईन लावलं तर सुमारे २४-२५ किलो भरतं. १२ मिमी साग लावला तर ४२ किलो. ८ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली शीट) ३२-३३ किलो, आणि ४ मिमी विनियर प्लाय (वर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं) अवघं १३ किलो. सगळ्याच्या खाली १२ मिमी प्लायच्या पट्ट्यांचा सांगाडा येतो, तो साडेपाच किलोंचा. साग आणि पाईन यांतला सतरा-अठरा किलोंचा फरक फरशीवर असता तर कुणी बोललं नसतं. पण हे वजन गाडीच्या सगळ्यात उंच जागी चढतं आणि घाटातल्या वळणावर ते जाणवतं. छतावर सोलर पॅनेल आणि कॅरिअर आधीच असेल तर १२ मिमीचा विचारच सोडा. ९ मिमी पुरते, ८ मिमीही चालते. त्याखाली मात्र जीभ आणि खाच (एका पट्टीची पातळ कड शेजारच्या पट्टीच्या खोबणीत बसवणारा जोड) काढायला जागाच उरत नाही.

आता लाकूड कुठलं? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पाईन असतं, कारण फोटोत तेच दिसतं. आपल्याकडे स्वस्त पाईन बरंचसं पॅकिंगच्या खोक्यांतून आणि पॅलेटमधून येतं. ते वापरायला हरकत नाही, पण फळीवरचा शिक्का वाचा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं (गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं). 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ज्या छताखाली झोपायचं आहे तिथे एमबीची फळी नको. शिक्काच नसेल तर त्या फळीवर आधी काय सांडलं होतं हेही कळायला मार्ग नाही, तेव्हा तीही नको.

पाईनचा खरा त्रास गाठींचा. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा ६०-७० अंशांवर सहज जातो, आणि त्या उष्णतेला गाठींमधला डिंक पातळ होऊन गळतो. पॉलिश कितीही महागाचं असो, गाठीवर पिवळट थेंब येतोच आणि खाली गादीवर पडतो. भट्टीत उच्च तापमानाला सुकवलेलं लाकूड असेल तर डिंक बराच घट्ट झालेला असतो. तसं नसेल तर गाठी कमी असलेल्या फळ्या वेचून घ्या आणि प्रत्येक गाठीवर चपडा लाखेचे दोन हात द्या, मग वरून पॉलिश. यानं गळती पूर्ण थांबते असं नाही, पण निम्म्याहून अधिक डोकेदुखी जाते.

साग जड आहे, महाग आहे आणि तरीही छतासाठी चांगला आहे, कारण तो कमी हलतो. त्यात गाभ्याचाच भाग घ्या. कडेचा पांढरा भाग लाकूड-किड्याला आवडतो आणि त्याचा रंगही जुळत नाही. सागाला साधा लोखंडी स्क्रू लावलात तर पहिल्या पावसाळ्यात स्क्रूभोवती काळं वर्तुळ उमटतं. लाकडातला टॅनिन आणि लोखंड यांचं ते भांडण आहे आणि तो डाग घासून जात नाही. स्टेनलेसचेच स्क्रू.

आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित पर्याय म्हणजे शिवण नावाच्या झाडाचं लाकूड. पाईनच्या जवळपास हलकं, फिकट पिवळसर, फारसं न आकसणारं आणि रंध्याखाली सुतासारखं चालणारं. अडचण एकच, नीट सुकवलेलं शिवण मिळणं. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, मुंबईत रे रोड, नागपुरात लकडगंज, असं दोन-चार वखारींत विचारावं लागतं आणि ओलं मिळालं तर सरळ नको म्हणावं लागतं.

बांबूच्या दाबून केलेल्या पट्ट्या दिसायला सुरेख, पण सागाइतक्याच जड. कच्च्या बांबूच्या कामट्या किंवा तट्ट्या लावायच्या असतील तर त्या बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवलेल्या हव्यात. नाहीतर सहा महिन्यांत उशीवर पिवळी भुकटी पडू लागते, आणि तो घुण असतो.

पीव्हीसीच्या 'लाकडी दिसणाऱ्या' पट्ट्या मात्र नकोतच. ओलाव्यानं त्या फुगत नाहीत हे खरं, पण उष्णतेनं लांबतात. ३.२ मीटरची पट्टी ४० अंश तापली की साधारण ९ मिमी वाढते. दोन्ही टोकांना घट्ट बसवलेली असेल तर मधोमध पोट काढते. शिवाय पीव्हीसी मऊ पडायला लागतं ते तापमान आणि पत्र्याचं तापमान यांत फारसं अंतर उरत नाही.

विनियर प्लायबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण पुष्कळांसाठी तेच योग्य उत्तर आहे. ४ मिमीचा टीक प्लाय, त्यावर राउटरनं (खाच पाडायच्या यंत्रानं) दर ९०-१०० मिमीवर उथळ व्ही खाच मारली की चार फुटांवरून तो पट्ट्यांसारखाच दिसतो. तो हलत नाही, हलका आहे, आणि छताच्या कमानीला गपगुमान वळतो. आपल्या छताला आठ बाय चारचे तीन शीट लागतील. क्षेत्रफळाचा हिशोब दोनच सांगतो, पण १.७ मीटर रुंदीत शीट आडवं टाकलं की कापून उरलेला तुकडा दुसरीकडे बसत नाही. फक्त गोंद कुठला ते विचारा. साधा एमआर ग्रेड (थोडाच ओलावा सोसणारा) गाडीच्या दमट-गरम हवेत सुटतो, बीडब्ल्यूआर किंवा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणारे) हवा. आणि खालच्या पट्ट्यांमधलं अंतर एका फुटाच्या आत ठेवा, नाहीतर वर्षभरात प्लाय झोळीसारखा लोंबतो.

फट

खरी लाकडी पट्टीच लावायची असेल तर फटीचा हिशोब टाळता येत नाही, आणि बहुतेक छतं इथेच बिघडतात.

मे महिन्यात पुण्या-सोलापूरकडे दुपारची आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. तशा हवेत लाकूड बराच काळ राहिलं तर त्यातला ओलावा ६ टक्क्यांपर्यंत उतरतो. जुलैत कोकणात आर्द्रता ९० च्या घरात, तिथे तेच लाकूड २० टक्क्यांकडे निघतं. पॉलिश थोडं अडवतं आणि गाडी एका जागी फार दिवस नसते, म्हणून इतका टोकाचा फरक पडत नाही. तरी ओलाव्यात ८ टक्क्यांचा फरक धरून चालावं. त्यात भर म्हणजे उन्हात बंद करून ठेवलेली गाडी. आतली हवा ५०-५५ अंशांवर गेली की बाहेर दमट असलं तरी आतली आर्द्रता एकदम खाली येते. गाडीतलं लाकूड घरातल्या लाकडापेक्षा जास्त सुकतं ते यामुळे.

पाईन आडवं, म्हणजे रेषांच्या काटकोनात, दर एक टक्का ओलाव्यामागे सरासरी ०.२ टक्के हलतं. ८ टक्क्यांना १.६ टक्के. ९५ मिमी रुंदीच्या पट्टीत हे दीड मिलिमीटर होतात. ऐकायला काहीच नाही. पण १.७ मीटर रुंदीत अशा १८ पट्ट्या बसतात, आणि १८ गुणिले दीड म्हणजे २७ मिमी. मे महिन्यात पट्ट्या हातोडीनं ठोकून घट्ट बसवल्या तर ऑगस्टमध्ये या २७ मिलिमीटरला जायला जागा नसते. मग छत मधून खाली फुगतं, कडेच्या पट्टीचे स्क्रू उपटतात किंवा जीभ तडकते. साग याच्या साधारण दोन तृतीयांश हलतो. फळीचं टोक पाहून निवडता आलं तर आणखी फायदा: टोकाला वाढीची वर्तुळं उभी दिसणारी फळी आडव्या वर्तुळांच्या फळीपेक्षा बरीच कमी हलते.

यावर उपाय सोपा आहे. उन्हाळ्यात बसवत असाल तर दर दोन पट्ट्यांमध्ये दीड मिमी फट ठेवा. भर पावसाळ्यात बसवत असाल तर पट्ट्या हलक्या हातानं भिडवा, त्या पुढे आकसणारच आहेत. हिवाळ्यात मधलं काहीतरी. फट मोजायला सनमायकाचे तुकडे सगळ्यात सोयीचे. १ मिमीचे दोन तुकडे एकत्र धरले की २, आणि ०.८ चे दोन धरले की दीडच्या जवळ. दोन टोकांना आणि मध्ये असे तीन जोड अडकवायचे, स्क्रू आवळायचे, तुकडे काढून पुढच्या पट्टीला न्यायचे. जीभ निदान ६ मिमी लांब हवी, म्हणजे फट तीन मिमी उघडली तरी आरपार दिसत नाही.

आणि जिभेला आधी रंग द्या. हे विसरलं की छत ऑगस्टमध्ये झकास दिसतं आणि एप्रिलमध्ये प्रत्येक जोडावर कच्च्या लाकडाची पांढरी रेघ उमटते. अठरा पट्ट्या, सतरा पांढऱ्या रेघा. वर पाहत पडल्यावर दुसरं काही दिसत नाही, आणि बसवलेल्या छतात ब्रश घालून ती रेघ रंगवता येत नाही.

पॉलिश चारही बाजूंना आणि दोन्ही टोकांना, बसवण्याआधी. फक्त दिसणारी बाजू पॉलिश केली तर मागची कोरी बाजू ओलावा पटापट घेते, पुढची घेत नाही, आणि पट्टी पन्हळीसारखी वळते. मागे एक हात पुरे, पण हवा. मॅट वॉटर-बेस्ड पीयू (पॉलियुरेथेन) बरं. चकचकीत मेलामाइननं छताचा प्रत्येक उंचसखल भाग दिव्याच्या प्रकाशात उठून दिसतो. पॉलिश सुकल्यावर जिभेवर साधी मेणबत्ती फिरवून घ्या. गाडी चालताना छतातून येणारं करकर ते लाकडावर लाकूड घासल्याचं असतं आणि मेणानं ते बरंच थांबतं. क्रम उलटा करू नका, मेणावर पॉलिश धरत नाही.

वखारीतून छतापर्यंत

तयार जीभ-खाचेच्या पट्ट्या बहुधा १२ मिमी आणि वर मिळतात. ९ मिमी हवी तर एक इंची फळी उभी चिरून दोन करून घ्यावी लागते. २५ मधून करवतीचे ३ गेले, उरले २२, दोघींना ११-११. दोन्ही बाजूंनी एकेक मिमी रंधा मारला की ९. चिरल्यावर लगेच रंधा मारू नका. आतला ताण सुटून पट्ट्या वाकतात, चार-पाच दिवस वाकू द्या आणि मग सरळ करा. जिभेत जाणारी रुंदी आणि १२ टक्के वाया धरून आपल्या छताला ३ घनफूट लाकूड घ्यावं. ३.२ मीटर म्हणजे साडेदहा फूट, त्यामुळे दहा फुटी फळ्या अर्ध्या फुटानं कमी पडतात. वखारवाल्याकडे अकरा फुटी आहेत का ते आधीच विचारा. नसतील तर सांधा खालच्या सांगाड्याच्या आडपट्टीवर आणा आणि शेजारच्या सांध्यापासून हलवा.

आणल्यावर मीटरनं ओलावा बघा. १२ टक्क्यांच्या वर असेल तर पट्ट्यांमध्ये काड्या ठेवून थप्पी रचा आणि दोन आठवडे सावलीत विसरून जा.

पट्ट्या लांबीत की रुंदीत? गाडीचं छत कमानदार असतं. १.७ मीटरला ५ सेंटिमीटर कमान असेल तर तिची त्रिज्या सात मीटरच्या आसपास येते. लांबीत टाकलेल्या ९५ मिमीच्या पट्ट्या ती कमान टप्प्याटप्प्यानं घेतात, आणि सपाट पट्टी व कमान यांतलं अंतर ०.२ मिमीसुद्धा होत नाही. रुंदीत टाकल्या तर प्रत्येक पट्टीला वाकावं लागतं. ९ मिमी पाईन तेवढं वाकतं, पण टोकाचे स्क्रू कायम ताणलेले राहतात. म्हणून लांबीतच. जिथे छत खाली वळून भिंतीला मिळतं त्या कोपऱ्यात मात्र पट्टी नेऊ नका. तिथली त्रिज्या २० सेंटिमीटर असली तरी शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये पंचवीस अंशांहून जास्त कोन पडतो, आणि जीभ-खाच चार-पाच अंशांपलीकडे ऐकत नाही. तो भाग वरच्या कपाटांमागे लपवा किंवा पातळ प्लायवर कापड चढवून झाका.

सांगाडा असा. छताच्या पत्र्याला आडव्या बरगड्या असतात, त्यावर ४५ मिमी रुंद, १२ मिमी जाड बीडब्ल्यूपी प्लायच्या पट्ट्या. मध्ये ३ मिमी फोम टेप, म्हणजे पत्र्याची उष्णता थेट लाकडात येत नाही आणि आवाजही होत नाही. ४० सेंटिमीटरवर एक धरली तर नऊ पट्ट्या. बरगडीला भोक पाडताना बाहेरचा पत्रा फोडण्याची चूक फार सोपी आहे. आधी बरगडीची खोली मोजा. मग बिटावर नळीचा तुकडा असा चढवा की टोक १८ मिमीच उघडं राहील: प्लाय १२, फोम ३, बरगडी १, वर दोन मिमी. बिटाला टेप गुंडाळून खूण करणं पुरत नाही, पत्रा भेदला की बिट झटक्यात पुढे जातं. भोकाचा लोखंडी चुरा व्हॅक्यूमनं ओढून घ्या आणि भोकाच्या कडेला झिंक प्रायमरचा ठिपका लावा. चुरा राहिला तर तोच आधी गंजतो आणि मग खालचा पत्रा.

बरगड्यांमध्ये उष्णता अडवायला नायट्राइल रबर किंवा एक्सएलपीई (पॉलिथिलीनचा एक प्रकार) यांचा फोम, पत्र्याला पूर्ण चिकटवून. गोंद उष्णता सोसणारा घ्या. साधा कॉन्टॅक्ट गोंद मे महिन्यात सुटतो आणि फोम तुमच्या नव्या छतावर पडून राहतो. ग्लासवुल नको, पत्र्याखाली दव धरलं की ते पाणी पिऊन बसतं आणि वरून लाकूड कुजवतं.

आता स्क्रू. जिभेतून लपवलेले खिळे किंवा ब्रॅड नेल दिसत नाहीत म्हणून लोकांना आवडतात. आम्हाला आवडत नाहीत. गाडीच्या हादऱ्यानं गुळगुळीत खिळा हळूहळू बाहेर येतो, आणि वायर बिघडली की एक पट्टी काढायला अर्धं छत उलगडावं लागतं. त्यापेक्षा उघडे, डोकं दिसणारे ३.५ बाय २० मिमी स्टेनलेस स्क्रू एका सरळ रेषेत मारा. दर आडपट्टीला पट्टीच्या मधोमध एकच. दोन मारले तर दोघांमधलं लाकूड आकसायला मोकळं राहत नाही आणि मध्ये चीर जाते. एकच असला की दोन्ही कडा आपापल्या हलतात. पट्टीत ४ मिमीचं भोक, खाली प्लायमध्ये २.५ चं. नऊ गुणिले अठरा १६२, म्हणजे २०० चा डबा. फेविकॉल किंवा पीयू सिलंट पट्टीच्या मागे लावू नका. फेविकॉल उन्हात ढिला पडतो, पीयू सुटत नाही, आणि इथे दोन्ही वाईट.

सुरुवात कडेनं नव्हे, मधून. गाडी आयताकृती नसते, पुढची आणि मागची रुंदी दोन-तीन सेंटिमीटरनं वेगळी निघते. तीन ठिकाणी मापं घ्या, मध्य काढा, लाईनदोरी मारा. मधोमध ६०-७० मिमीची एक साधी पट्टी ठेवा, जीभ-खाच नसलेली, म्हणजे शेजारच्या पट्ट्यांत न अडकणारी. दिवे तिच्यातच बसवा, वायर तिच्या मागून न्या. ती चार-पाच स्क्रूंवर खाली येते आणि सगळं वायरिंग उघडं पडतं. छत बंद करण्याआधी टेप लावून मागच्या वायरींचे फोटो काढून ठेवा. दोन्ही कडांना ५-६ मिमी मोकळे सोडून वर कड झाकणारी बीडिंग पट्टी, आणि ती भिंतीलाच ठोका. छताच्या पट्टीत एक जरी स्क्रू गेला तर सोडलेली जागा फुकट गेली.

शेगडीच्या वर लाकूड तसंच उघडं ठेवू नका. स्टेनलेसचा पत्रा लावा आणि त्याच्या मागे १० मिमी हवा खेळू द्या. पत्रा थेट लाकडावर टेकवला तर लाकूड आतून भाजतं आणि बाहेरून कळतही नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: आतून छत सजवणं वेगळं आणि प्रवासी किंवा मालवाहू गाडीचं मोटरहोम करणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, कारण आरसीवरची माहिती बदलते. मोटरहोमसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. लाकूड कापण्याआधी आरटीओत विचारून घ्या, नंतर नको.

पहिले हजारेक किलोमीटर झाले की सगळे स्क्रू एकदा हातानं, पेचकसानं तपासा. ड्रिल मशीननं नको, नाहीतर फिरून प्लायमधला आटा जातो. उरलेल्या तीन-चार पट्ट्या घरच्या माळ्यावर न टाकता गाडीतच पलंगाखाली ठेवा, म्हणजे छताबरोबरच फुगतील, आकसतील. सागाच्या असतील तर रंगाचा फरक मात्र राहील. उजेडातला साग काही महिन्यांत सोनेरी होतो आणि पलंगाखालचा तसाच तपकिरी राहतो. बदलायची वेळ आली तर पट्टी आधी आठ-दहा दिवस डॅशबोर्डवर, उन्हात ठेवा.